ग्रँड कॅन्यनमध्ये किती खाली उतरावे?

वाचकाचे पत्र

आम्ही दोघे येत्या जून महिन्यात अमेरिकेला मुलाकडे जात आहोत. तो ॲरिझोना राज्यात फीनिक्सला नोकरी करतो. त्याने ग्रँड कॅन्यनची तीन दिवसांची सहल ठरवली आहे. पहाटे निघून दरीच्या तळाशी कोलोरॅडो नदीपर्यंत उतरायचे आणि संध्याकाळपर्यंत वर यायचे, असा बाप-लेकांचा बेत आहे. यजमान ६३ वर्षांचे आहेत, पण दर रविवारी सिंहगड चढतात. तरुणपणी राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई सगळे झाले आहे. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात आहेत. मी ५८ वर्षांची आहे आणि उतरताना माझे गुडघे कुरकुरतात. मी शंका काढली की दोघेही मला घाबरट म्हणतात. मी उगाच घाबरते आहे का? तयारी काय करावी? शिवाय यजमानांचा एक जुना प्रश्न आहे. तिकडे राष्ट्रीय उद्यानात वाटेल तसे पायी फिरू देतात, मग आपल्या ताडोबात जिप्सीतून खाली पायसुद्धा का ठेवू देत नाहीत? परत आल्यावर आपल्या देशातल्या एखाद्या राष्ट्रीय उद्यानात आम्हा दोघांना मिळून चालता येईल का?

एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. जून महिन्यात एकाच दिवसात नदीपर्यंत उतरून वर येण्याचा बेत रद्द करावा, हे मी सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगतो, आणि हे उत्तर तुम्ही बाप-लेकांना मोठ्याने वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. तळापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा प्रयत्न करू नका, असे उद्यानाचे प्रशासन स्वतःच बजावत असते. तरीही दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसांची या दरीतून सुटका करावी लागते. ही सगळी माणसे नवखी नसतात. नियमित व्यायाम करणारी, आपल्या दमाचा चांगला अंदाज असलेली माणसेही त्यांत असतात, पण त्यांचा अंदाज वेगळ्या प्रकारच्या डोंगरावर बसलेला असतो आणि तोच त्यांना दगा देतो.

तुमच्या यजमानांचा अंदाज गडांवर बसला आहे. गडावर आधी चढ असतो आणि मग उतार. चढताना छाती भरून आली तर माणूस वाटेतल्या ताकवाल्या मावशींच्या झोपडीत टेकतो, आणि फारच झाले तर तिथूनच माघारी फिरतो. माघारी फिरणे म्हणजे उतरणे असल्यामुळे त्याला फारशी शिक्षा होत नाही. कॅन्यनमध्ये हा क्रम उलटा होतो. पहाटेच्या गारव्यात, ताज्या पायांनी आणि उत्साहाच्या भरात माणूस उतरत जातो, प्रत्येक वळणावर पुढचे दृश्य आधीच्यापेक्षा भव्य दिसते, आणि ‘अजून थोडे जाऊ’ असे म्हणून टाकलेले प्रत्येक पाऊल पुढे टळटळीत उन्हात, थकलेल्या पायांनी आणि उरलेल्या पाण्यावर चढून फेडावे लागते. आपण दमलो आहोत हे ज्या वेळी कळते, त्या वेळी माघारी फिरण्याची योग्य जागा कधीच मागे पडलेली असते. ज्यांना दर रविवारी गड चढण्याची सवय आहे, त्यांनाच हा उलटा क्रम अधिक फसवतो, म्हणून मी त्यावर इतका भर देतो आहे.

आता थोडा हिशेब पाहू, कारण यजमानांना तो पटेल. ब्राइट एंजल नावाच्या वाटेने काठापासून नदीपर्यंतचे अंतर एका बाजूने सुमारे साडेबारा किलोमीटर आहे आणि उतार सुमारे १,३३० मीटर. आतकरवाडीतून सिंहगडाचा चढ सुमारे ६०० मीटरचा आहे. म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या वाटचालीच्या उत्तरार्धात सिंहगड दोनदा चढण्याहून अधिक चढ त्यांच्यापुढे असेल. शिवाय जिथे गाडी लावून चालायला सुरुवात करायची, तो साउथ रिमचा काठच समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर उंच आहे. पुण्याच्या हवेची सवय असलेल्या माणसाला या वाटेचा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात उभा टप्पा महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षाही वरच्या, विरळ हवेत चढावा लागतो.

उन्हाचेही तसेच आहे. आपल्याकडे उंच गेल्यावर हवा थंड होते हे आपण गृहीत धरतो. इथे चालायला लागल्यापासून आपण उष्णतेच्या दिशेने जात असतो. जून महिन्यात काठावर दुपारचे तापमान साधारण २७ अंशांच्या आसपास असते, वारा असतो, पाइनची झाडे असतात, आणि पहाटे तर स्वेटर लागतो. त्याच दिवशी तळाशी सरासरी ३८ अंश असते आणि उन्हाळ्याच्या तडाख्यात सावलीतही ४९ अंशांपर्यंत पारा जातो. म्हणूनच उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीच्या आत चालू नये, अशी उद्यानाची सूचना आहे. एका दिवसात नदी गाठून परतणाऱ्याला हीच वेळ चढावर घालवावी लागते, त्यात पर्यायच नसतो.

या कोरड्या हवेची एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात गड चढताना शर्ट पाठीला चिकटतो, कपाळावरचा घाम डोळ्यांत जातो, आणि शरीरातून किती पाणी जाते आहे ते आपल्याला दिसत असते. ॲरिझोनाच्या हवेत घाम येतो न येतो तोच सुकून जातो. अंग कोरडे वाटते, आणि दोन-तीन तासांनी पाहावे तर टोपीच्या पट्ट्यावर आणि कॉलरवर मिठाचे पांढरे पापुद्रे धरलेले असतात. तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे लागते. मात्र नुसते पाणीच पीत राहणे हा दुसऱ्या टोकाचा धोका आहे. घामावाटे मीठ निघून गेलेले असताना वरून फक्त पाणी ओतले, तर रक्तातील सोडियम घसरते. डोके दुखते, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि बरोबरचे लोक त्याला आणखी पाणी पाजतात. म्हणून पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, चिवडा, भडंग, मीठ लावलेला आवळा असे काहीतरी सतत तोंडात हवे, आणि एका बाटलीत जलसंजीवनीची पुडी विरघळवलेली हवी. आपल्या घरात हे सगळे सहज तयार असते. ते फक्त पिशवीत भरून न ठेवता वाटेत खरोखर खाल्ले पाहिजे.

यजमानांच्या औषधांबद्दल निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलून घ्या, आणि ‘अमेरिकेला फिरायला जातो आहोत’ एवढेच मोघम न सांगता ‘कोरड्या उन्हात, सात हजार फुटांवर, चार-पाच तास चढउतार करणार आहोत’ असे स्पष्ट सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवतात आणि शरीरातील पाणी व क्षार आणखी कमी करतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर असताना एरवीपेक्षा जास्त श्रम झाले की साखर एकदम खाली येते, आणि घाम, थरथर, गोंधळ ही तिची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. त्या दिवशीच्या मात्रेत काही बदल करायचा का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. मनाने गोळी टाळू नये. ग्लुकोजच्या गोळ्या यजमानांच्या स्वतःच्या खिशात असाव्यात, मुलाच्या पिशवीत नव्हे. प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नका आणि त्या आजारांना संरक्षण देणारीच पॉलिसी घ्या, कारण तिथला वैद्यकीय खर्च आपल्या कल्पनेपलीकडचा असतो.

मग दरीत उतरूच नये का? तसे माझे म्हणणे अजिबात नाही. काठावरून दिसणारा कॅन्यन आणि त्याच्या आत शिरल्यावर भोवताली उभा राहणारा कॅन्यन यांत फार फरक आहे, आणि ज्या माणसाने आयुष्यभर डोंगर चालले त्याला कठड्यापाशी उभे करून फोटो काढून परत आणणे हा अन्याय होईल. माझा सल्ला असा आहे. पहिला दिवस पूर्णपणे काठावर घालवा आणि रात्रीचा मुक्काम काठावरच करा, म्हणजे शरीराला उंचीची थोडी सवय होईल. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, उजाडता उजाडता, ब्राइट एंजल वाटेने उतरायला लागा. सुमारे अडीच किलोमीटरवर आणि ३४० मीटर खाली पहिला विश्रांती-निवारा लागतो. तो तुमचा मुक्काम समजा. तिथे सहाच्या आत पोहोचलात, सर्वांनी नीट खाल्ले-प्यायले, कोणाला काही त्रास नाही, असे असेल तर यजमान आणि चिरंजीव यांनी पुढच्या निवाऱ्यापर्यंत, म्हणजे काठापासून एकूण पावणेपाच किलोमीटर आणि सुमारे ६४५ मीटर खाली जायला हरकत नाही. तिथून पुढे मात्र नाही. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो हे धरून चाला. पाचला निघालेला माणूस पावणेसातच्या सुमारास त्या दुसऱ्या निवाऱ्यापाशी असेल आणि दहाच्या सुमारास वर येईल. हा चढ जवळजवळ सिंहगडाएवढाच आहे. यजमानांना रोजचा गड रोजच्याच वेळी चढल्याचे समाधान मिळेल, फक्त तो उतरल्यानंतर चढायचा आहे आणि सातआठशे मीटर अधिक उंचीवर चढायचा आहे.

वळायची जागा आणि वळायची वेळ फीनिक्सच्या घरीच ठरवून कागदावर लिहा. वाटेवर ती ठरवायला गेलात तर ती नेहमी आणखी खालची ठरते. ज्याची चाल सर्वांत मंद असेल त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचे, आणि ‘तुम्ही सावकाश या, मी पुढे होतो’ हे वाक्य चिरंजिवांनी त्या दिवशी तोंडातून काढायचे नाही. तुमच्या गुडघ्यांचे म्हणाल, तर दोन काठ्या घ्या, पावले लहान टाका, आणि पहिल्या बोगद्यापर्यंत जाऊन पाहा; तो सुरुवातीपासून फार दूर नाही. तिथे गुडघ्यांनी तक्रार केली तर वर परतून चहा घेत बसा. त्यात कमीपणा काही नाही. दरीत मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून दोघे किती वाजता परतणार हे तुमच्याजवळ लिहिलेले असावे आणि ठरल्या वेळेनंतर तासाभराने रेंजरला कळवायचे, हेही आधीच ठरलेले असावे.

ब्राइट एंजलच्या वरच्या दोन्ही निवाऱ्यांपाशी उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मिळते, पण ज्या जलवाहिनीने ते येते ती जुनी आहे आणि वारंवार फुटते. निघण्यापूर्वी त्या दिवशी नळ चालू आहेत का ते पर्यटक केंद्रात विचारून घ्या आणि तरीही संपूर्ण वाटेपुरते पाणी पाठीवर ठेवा. साउथ कैबाब ही दुसरी वाट दृश्यांच्या बाबतीत सरस मानली जाते, परंतु तिच्यावर पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही फार थोडी, म्हणून जूनमध्ये आणि तुमच्या वयात मी ती सुचवत नाही.

वाटेवर खेचरांचा काफिला भेटेल, तेव्हाची शिस्त आधीच समजून घ्या. खेचरांना नेहमी आधी जाऊ द्यायचे असते. ती दिसली की वाटेच्या आतल्या बाजूला कड्याला पाठ लावून उभे राहायचे, दरीच्या बाजूला कधीही नाही. हालचाल करायची नाही, काठी किंवा पाठपिशवी त्यांच्या अंगाला लागू द्यायची नाही, पुढचा हाक्या जे सांगेल ते ऐकायचे, आणि शेवटचे खेचर पन्नासेक फूट पुढे जाईपर्यंत जागा सोडायची नाही. या वाटेवर जागोजाग आडवे ओंडके आणि दगड रोवून पायऱ्या केलेल्या आहेत, आणि शेकडो खुरांनी त्यांच्यामागची लाल माती उकरली जाऊन खळगे पडलेले असतात. चढताना या उंचसखल पायऱ्याच मांड्यांचा जीव काढतात. खळग्यांत खेचरांचे मूत साचलेले असते, त्याचा उग्र दर्प येतो, आणि दमलेला माणूस ते टाळण्यासाठी कडेला सरकतो. तसे करू नये. बूट भिजले तर भिजले.

निघण्यापूर्वीची तयारी तुम्हाला पुण्यातच करता येईल, आणि त्यासाठी सिंहगडासारखी दुसरी जागा नाही. मात्र तो उलटा करायचा. पहाटे गाडीने वर पुणे दरवाजापाशी जा, आधी आतकरवाडीकडे उतरा आणि मग चढून वर या. यजमानांनी पूर्ण उतरावे, तुम्ही निम्म्यापर्यंत उतरून परतावे. एप्रिल-मे महिन्यांत काही रविवार असे केलेत तर दोन गोष्टी होतील. उतारामुळे मांड्यांच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर येणारा ताण चढाच्या आधी घ्यायची सवय लागेल, आणि आपण गडाखाली उभे आहोत, गाडी वर आहे, ऊन चढते आहे, ही अवस्था मनाला प्रत्यक्ष अनुभवता येईल. माझ्या युक्तिवादापेक्षा ती एक सकाळ यजमानांना अधिक पटेल असे मला वाटते. अमेरिकेसाठी नवे बूट घ्यायचे असतील तर आत्ताच घेऊन याच वाटेवर मळवा, आणि उतरण्याच्या आदल्या दिवशी पायाची नखे कापायला विसरू नका. लांब नख बुटाच्या टोकावर आदळून काळे पडते.

तळाशी जायचेच अशी मुलाची हौस असेल तर त्याने ती वेगळ्या वर्षी, थंडीच्या आसपासच्या महिन्यांत आणि तळाशी मुक्काम करून पुरी करावी. दिवसभराच्या चालीला परवाना लागत नाही. तंबूत राहायचे तर परवाना लागतो, आणि तळाशी असलेल्या फँटम रँचमधील जागा सव्वा वर्ष आधी सोडत काढून दिल्या जातात. नॉर्थ रिमचा, म्हणजे दरीच्या उत्तरेकडच्या काठाचा, विचार या वेळी करू नका, तिथली जुनी लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेली आहे. प्रवेशशुल्काचेही नियम बदलले आहेत. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या सोळा वर्षांवरील पाहुण्यांकडून ग्रँड कॅन्यनसह अकरा गर्दीच्या उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर घेतले जातात, आणि अनिवासी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. एकाहून अधिक उद्याने पाहायची असतील तर हा हिशेब मुलाला आधीच करायला सांगा.

काठावरच्या पहिल्या दिवसाला कमी लेखू नका, ताई. रिम ट्रेल ही सुमारे वीस किलोमीटरची, बहुतेक ठिकाणी सपाट आणि बरीचशी फरसबंद वाट आहे, तिच्या कडेने मोफत बस फिरते, आणि पाहिजे तिथे चढून पाहिजे तिथे उतरता येते. यावापाई येथील भूशास्त्र संग्रहालयापासून गावाकडे येणाऱ्या तिच्या टप्प्याला ट्रेल ऑफ टाइम म्हणतात. त्याच्या मुख्य भागात जमिनीत प्रत्येक मीटरवर धातूची खूण बसवलेली आहे आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाच्या थरांचा बनला, ते थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे या वाटेवर ६६ मीटरवरचे. कॅन्यनच्या काठावरचा सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात तरुण मुख्य थर सुमारे २७० मीटरवर येतो. ज्या दगडावर शिवरायांचे गड उभे आहेत तो दगड जन्मण्याच्या वीस कोटी वर्षे आधी हा काठाचा चुनखडक समुद्राच्या तळाशी साचला होता. आणि नदीजवळच्या काळ्याभोर खडकासाठी पावणेदोन किलोमीटर चालावे लागते. त्या खडकाचे नाव विष्णू शिस्ट असे आहे. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूवैज्ञानिकाने इथल्या उत्तुंग सुळक्यांना पूर्वेकडच्या देवतांची नावे दिली. त्यांतली विष्णू टेंपल आणि शिवा टेंपल ही नावे आजही नकाशावर आहेत. वाटेच्या कडेला त्या त्या काळातल्या दगडांचे नमुने मांडलेले आहेत आणि त्यांना हात लावता येतो. इथे एक सकाळ घालवली की दुसऱ्या दिवशी दरीत उतरताना पांढरट, पिवळसर, लाल असे बदलत जाणारे थर नुसते रंग राहत नाहीत. दगड मात्र खिशात घालून आणू नका, संत्र्याची साल ‘कुजून जाईल’ म्हणून टाकू नका, कारण त्या कोरड्या हवेत ती लवकर कुजत नाही, आणि खारींना दाणे घालू नका. त्या माणसाळलेल्या खारी चावतात.

आणखी एक. ब्राइट एंजल वाटेवर नदीच्या अलीकडे हिरवळीची एक जागा आहे, तिला २०२२ पासून हवासुपाई गार्डन्स म्हणतात. हवासुपाई लोक तिथे शेती करत होते. उद्यान झाल्यावर त्यांना हुसकावण्यात आले आणि त्यांच्यातील अखेरच्या रहिवाशाला १९२८ मध्ये ती जागा सोडावी लागली. चांदोलीच्या जंगलातली उठलेली गावे ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे समजून घ्यायला वेळ लागणार नाही.

आता ताडोबाबद्दल. अमेरिकेतही ‘वाटेल तसे’ फिरू देतात असे नाही. योसेमिटी उद्यानातील हाफ डोम या सुळक्यावर दोरांच्या आधाराने चढायला सोडतीतून परवाना मिळवावा लागतो, झायन उद्यानातील एंजल्स लँडिंग या कड्यालाही २०२२ पासून तसाच नियम आहे, आणि यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडगा यांच्यापासून शंभर यार्ड दूर राहणे बंधनकारक आहे. पण खरा फरक जंगलाच्या घडणीत आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये माणसाला मुख्य धोका ऊन, तहान आणि कडा यांचा आहे. ताडोबा हे १९५५ पासूनचे, महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. तिथल्या बांबूच्या दाट रानात दहा पावलांवरचा वाघ दिसत नाही, आणि पायी चालणारा माणूस त्याला गाडीपेक्षा अगदी वेगळा भासतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच जंगलात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती जंगल जाणणारी होती आणि सोबत माणसे होती. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपली राष्ट्रीय उद्याने मुख्यतः प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी राखलेली आहेत. भोवतालच्या गावांतील लोकांवर जंगलात जाण्याची बंधने असताना शहरातून आलेल्या पाहुण्याने पायी फिरण्याचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. यजमानांना जिप्सीत बसवत नसेल तर ताडोबाला जाऊ नये. तिथे उतरण्यासाठी वाद घालू नये.

चालण्यासाठी आपल्याकडे दुसऱ्या जागा आहेत. पुण्याहून एका दिवसाची म्हणाल तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांचा डोंगर मनसोक्त चढता येतो, आणि आतल्या पायवाटांवर उद्यानाची परवानगी व वाटाड्या घेऊन जाता येते. बिबट्यांचे रान असल्यामुळे एकट्याने आत शिरू नये. मध्य प्रदेशातील सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात ठरावीक भागांत वनखात्याच्या माणसासोबत पायी फिरवतात. वाघांच्या प्रदेशात चालण्याची यजमानांची इच्छा तिथे रीतसर पुरी होईल.

पण तुम्ही दोघांनी मिळून चालायचे आणि अमेरिकेहून परतल्यावर लगेच जायचे, तर माझी पसंती उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला आहे. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. गोविंदघाटाजवळच्या पुलनापासून घांगरियापर्यंत साधारण दहा किलोमीटरची चढण आहे, पण ती रुंद आणि बांधलेली वाट आहे, जागोजाग चहाची दुकाने आहेत, आणि गुडघे दुखले तर घोडा मिळतो. घांगरिया सुमारे ३,०५० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे पोहोचल्याच्या दिवशी आणखी काही करू नका आणि उंचीबद्दलही डॉक्टरांना आधी विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर फुलांच्या दरीत जा. आत घोडे नाहीत, दुकाने नाहीत, मुक्काम करू देत नाहीत, आणि संध्याकाळच्या आत परत यावेच लागते. ही वेळेची शिस्त तुम्हाला कॅन्यनने शिकवलेली असेलच. उद्यान जून ते ऑक्टोबर उघडे असते, पण फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. तोच भर पावसाचा काळ असल्यामुळे जोशीमठाच्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि गाड्या दिवस-दिवस अडकून पडतात, म्हणून हरिद्वारहून परतीचे तिकीट काढताना मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.